दवाखान्यातला हौद

'दवाखाना' हा शब्द आपण मराठीत इतक्या सहज वापरतो, की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. 'दवा' अरबी आहे, 'खाना' फारसी. उर्दूच्या तासाला हा शब्द आला की मी फळ्यावर त्याच्याशेजारी आणखी तीन शब्द लिहिते: शफाखाना, दारुश्शिफा, बीमारिस्तान. शेवटचा सर्वांत जुना. बीमार म्हणजे आजारी आणि स्तान म्हणजे जागा. मग फळ्याच्या दुसऱ्या टोकाला मी हौद, दालान, कमान आणि दरवाजा हे शब्द लिहिते. हेही बाहेरून येऊन मराठीत घर करून राहिलेले शब्द. मुलांना वाटतं, हे चार शब्द वाड्याचे किंवा मशिदीचे आहेत. पण एके काळी हे चारही शब्द दवाखान्याचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आपल्या समाजात बीमारिस्तानांचा अभिमान भरपूर आहे. दर थोड्या दिवसांनी मोबाइलवर एखादा संदेश फिरतो, की जगातली पहिली मोठी रुग्णालयं आपण बांधली, तिथं मोफत उपचार होत, रुग्णांना संगीत ऐकवत. यातलं बरंचसं खरं आहे, काही वाढवलेलं आहे. पण ती इमारत आतून कशी होती, तशीच का होती, आणि आज आपण दवाखाना बांधतो तेव्हा तिच्यातलं काय उचलतो, हा प्रश्न त्या संदेशात नसतो. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात दमास्कसपासून करू. नूरुद्दीन झंगी याने इ.स. ११५४मध्ये तिथं बीमारिस्तान बांधला. तो आजही उभा आहे आणि तिथं अरब वैद्यक व विज्ञानाचं संग्रहालय आहे. त्याच्या दरवाजावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कोरीव नक्षी आहे. तिला मुकर्नस म्हणतात. पण तिच्या खाली, अगदी चौकटीवर, जो त्रिकोणी माथ्याचा दगड बसवला आहे, तो मुसलमान कारागिरांनी घडवलेला नाही. तो रोमन काळातल्या एका जुन्या इमारतीतून आणलेला आहे. मला तो दगड फार बोलका वाटतो. आत जे वैद्यक शिकवलं जात होतं, त्याचा पाया जालीनूस आणि बुकरात या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांवर होता. त्याला आपण आजही 'युनानी' म्हणतो, म्हणजे ग्रीकांचं. आत युनानी तिब आणि दारावर रोमी दगड. दुसऱ्याकडून घेतलेलं लपवायचं नाही, उलट दर्शनी भागात मानानं बसवायचं, अशी त्या शहराची रीत दिसते.

दरवाजातून आत गेलं की आधी एक छोटी घुमटाकार खोली लागते आणि मग उघडा चौक. चौकाच्या मध्ये हौद. चारही बाजूंना एकेक इवान. इवान म्हणजे तीन बाजूंनी भिंती असलेलं, वर कमानदार छत असलेलं आणि चौथ्या बाजूने चौकाकडे पूर्ण उघडं असलेलं दालन. आपल्या वाड्यातली ओसरी डोळ्यांसमोर आणा, फक्त उंची दुप्पट-तिप्पट करा. इवानात बसलेला माणूस छपराखाली असतो, पण त्याच्यापुढे आकाश असतं. तो आतही असतो आणि बाहेरही.

या चार इवानांना आणि मधल्या पाण्याला काही लोक जन्नतच्या चार नद्यांशी जोडतात. तो अर्थ सुंदर आहे आणि बांधणाऱ्यांच्या मनात तो नसेलच असंही नाही. पण चार इवानांचा हा आराखडा इस्लामच्या आधीचा आहे. अश्शूर इथल्या पार्थियन महालात तो सापडतो, म्हणजे तो मुळात राजवाड्याचा आराखडा. पुढे मुसलमानांनी तो मदरशाला दिला, प्रवाशांच्या सराईला दिला आणि रुग्णालयालाही दिला. राजा, विद्यार्थी, प्रवासी आणि रुग्ण या चौघांसाठी एकच नकाशा. माझ्या मते या वास्तूचं खरं प्रतीक इथं आहे. महालात ज्या जागी सुलतान बसे, बीमारिस्तानात त्याच जागी तापाने फणफणलेला हमाल झोपत होता. त्याला भिंतीवर लिहून सांगावं लागत नव्हतं की तू इथला पाहुणा आहेस. त्याला कुठं झोपवलं आहे, त्यावरूनच ते कळत होतं.

कैरोमध्ये तर हे शब्दशः घडलं. मन्सूर कलावून हा आधी एक अमीर होता. तो दमास्कसला असताना आजारी पडला आणि नूरुद्दीनच्या बीमारिस्तानातल्या औषधांनी बरा झाला. इतिहासकार मकरीझी सांगतो, की सत्ता मिळाली तर असाच दवाखाना बांधीन असा नवस त्याने तेव्हा केला. पुढे तो सुलतान झाला आणि इ.स. १२८४-८५मध्ये त्याने कैरोत बीमारिस्तान, मदरसा आणि स्वतःची कबर असा सगळा परिसर उभा केला. बीमारिस्तानासाठी निवडलेली जागा म्हणजे फातिमी घराण्यातली शहजादी सित्तुल मुल्क हिचा जुना महाल. त्या महालाचा चार इवानांचा दिवाणखाना तसाच ठेवून तो रुग्णालयाचा गाभा करण्यात आला. इवानांमध्ये कारंजी होती आणि त्यांचं पाणी दगडी पन्हळीतून मधल्या हौदात येत होतं. तापाचे रुग्ण वेगळे, डोळ्यांचे वेगळे, शस्त्रक्रियेचे वेगळे, पोटाच्या विकारांचे वेगळे आणि स्त्रियांचा विभाग स्वतंत्र. रक्ताभिसरणाविषयी मूलभूत लिखाण करणारा वैद्य इब्न नफीस इ.स. १२८८मध्ये वारला, तेव्हा त्याने आपलं घर आणि आपली पुस्तकं याच रुग्णालयाला देऊन टाकली.

या रुग्णालयाचा वक्फनामा उपलब्ध आहे. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमची बांधून दिलेली मालमत्ता, जिच्या उत्पन्नावर अशी संस्था चालते. त्यात म्हटलं आहे, की इथं पुरुष आणि स्त्रिया, धनवान आणि गरजू, शहरातले आणि बाहेरून आलेले, सगळ्यांवर उपचार व्हावेत. उन्हाळ्यात रुग्णांना खजुरीच्या पानांचे पंखे द्यावेत, इतक्या बारीक गोष्टीही त्यात आहेत. मात्र मजकूर 'मुसलमान रुग्णां'विषयी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अभिमानाच्या संदेशांत हा शब्द गाळला जातो. तेराव्या शतकातल्या माणसाने आपल्या काळाच्या मर्यादेत जे केलं ते मोठं होतं. पण ती मर्यादा आज आपण पुसून टाकली तर इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

अनातोलियात हवा थंड, म्हणून तिथं चौकावर छत आलं. दिवरी या गावात इ.स. १२२८-२९मध्ये मशीद आणि रुग्णालय एकमेकांना चिकटून बांधलं गेलं. मशीद अहमद शाहने बांधली आणि रुग्णालय मलिका तुरान हिने. या गोष्टीवर मी वर्गात मुद्दाम थांबते, कारण दवाखाना बांधणारी बाई मुलींना माहीत असायला हवी. तिथं मधल्या दालनाच्या छताला झरोका आहे आणि त्याच्या बरोबर खाली पाण्याचं कुंड. चौक झाकला, तरी आकाश आणि पाणी दोन्ही सोडली नाहीत.

एदिर्नेमध्ये दुसऱ्या बायझीद सुलतानाने इ.स. १४८४ ते १४८८ या काळात जे रुग्णालय बांधलं, तिथं हीच कल्पना आणखी पुढे गेली. मोठ्या घुमटाखाली षट्कोनी दालन, मध्ये कारंजं आणि भोवती इवान व खोल्या. सतराव्या शतकात प्रवासी एवलिया चेलेबी तिथं गेला. मनोरुग्णांसाठी आठवड्यातून तीनदा गायक-वादक येत असं त्याने लिहून ठेवलं आहे. घुमटाखाली आवाज घुमतो, पाण्याचा संथ आवाज त्यात मिसळतो आणि मध्यभागी वाजवलेलं प्रत्येक खोलीपर्यंत पोहोचतं. घुमट तिथं शोभेसाठी नव्हता. तो उपचाराच्या कामी येत होता.

ही परंपरा दख्खनमध्येही आली. मुहम्मद कुली कुतुबशाहने हैदराबाद वसवल्यानंतर इ.स. १५९५च्या सुमारास तिथं दारुश्शिफा बांधली: मधल्या मोठ्या चौकाभोवती दोन मजल्यांची कमानदार दालनं. ती इमारत आज पडक्या अवस्थेत आहे, पण मोहल्ल्याचं नाव अजून दारुश्शिफाच आहे. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव परकं नाही.

त्याच हैदराबादेत पुढे मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. १९०८च्या महापुराने शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर जे नवं बांधकाम झालं, त्यातलं हे एक. १९२०च्या दशकात पूर्ण झालेल्या या इमारतीचा आराखडा व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुकाराचा. नदीपलीकडून पाहिलं की घुमट आणि छत्र्यांची रांग दिसते, आणि ती खरोखर देखणी आहे. २०२०च्या पावसाळ्यात वॉर्डांत पाणी शिरलं आणि ही जुनी इमारत रिकामी करावी लागली. मला इथं लक्ष वेधायचं आहे ते एका बदलाकडे. दारुश्शिफेचं सौंदर्य आतल्या माणसासाठी होतं. चौकात गेल्याशिवाय ते दिसत नव्हतं. उस्मानियाची ओळख आहे ती बाहेरून, दुरून दिसणाऱ्या घुमटांची. प्रतीक रुग्णाच्या डोळ्यांपुढून उठून रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गेलं.

विसाव्या शतकात ते आणखी दूर गेलं. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९मध्ये रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा मोकळी हवा आणि समोरासमोरच्या खिडक्या यांवर तिचा भर होता. पुढे वीज आली, एसी आला, आणि खिडकीशिवायही हवा खेळवता येऊ लागली. मग इमारती रुंद झाल्या, मध्ये लांबच लांब बोळ आले, दोन्ही बाजूंना खोल्या आल्या आणि कित्येक खोल्यांना बाहेरची भिंतच उरली नाही. यंत्रांच्या सोयीसाठी हे आवश्यक होतं, आणि त्या यंत्रांनी लाखो जीव वाचवले आहेत. पण काहीतरी हरवलंही.

काय हरवलं ते मला पुस्तकातून कळलं नाही. माझे अब्बा शेवटच्या आजारात नऊ दिवस एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर चांगले होते, नर्स प्रेमळ होत्या. खिडकी नव्हती. ट्यूबलाइट चोवीस तास जळत होती. भेटीच्या दहा मिनिटांत मी आत गेले की अब्बा पहिला प्रश्न विचारत, "फजर हुई क्या, बेटा?" कधी दुपारचे चार वाजलेले असत, कधी रात्रीचे आठ. ज्या माणसाने साठ वर्षं आकाशाकडे पाहून दिवसाचे पाच भाग केले, त्याच्याकडून आकाशच काढून घेतलं होतं. शरीरावर उपचार चालू होते आणि माणूस काळातून हरवत चालला होता. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना दिवस-रात्रीचं भान राहावं म्हणून त्यांना घड्याळ दिसावं, उजेड मिळावा, असं आता डॉक्टरच सांगतात. दिवरीच्या छतातला झरोका नेमकं हेच काम करत होता.

आणि याला आता पुरावाही आहे. १९८४मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. त्यातल्या निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. ४६ ही संख्या फार मोठी नाही, पण त्या लेखाने जगभरच्या रुग्णालय-रचनाकारांना पुन्हा खिडकीकडे वळवलं.

योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १९८५मध्ये, कराचीत आगाखान विद्यापीठाचं रुग्णालय सुरू झालं. जुन्या प्रतीकांचा आधुनिक रुग्णालयाच्या आत विचारपूर्वक केलेला वापर पाहायचा असेल तर माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही. आराखडा बोस्टनच्या पेएट असोसिएट्स या संस्थेचा आणि सल्लागार मूळचे इराणी असलेले वास्तुकार मोझान खादेम. काम सुरू करण्याआधी या मंडळींनी मुस्लिम जगातल्या जुन्या इमारती फिरून पाहिल्या. परत येऊन त्यांनी मिनार काढले नाहीत की मोठा घुमट काढला नाही. त्यांनी चौक काढले.

ते रुग्णालय म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चौकांची मालिका आहे. काही चौकांत कारंजं आहे, झाडं आहेत. एका चौकातून दुसऱ्यात जाताना मोठा दरवाजा लागतो. नूरुद्दीनच्या दरवाजासारखंच त्याचं काम: तू आता गजबजाटातून शांत जागेत येतो आहेस, हे न बोलता सांगणं. भिंतींचा गिलावा खडबडीत, उभ्या ओघळांचा, फिकट गुलाबीसर मातकट रंगाचा. सिंधच्या जुन्या मातीच्या भिंतींची आठवण देणारा. कराचीच्या प्रखर उन्हात गुळगुळीत पांढरी भिंत डोळ्यांना बोचते. या गिलाव्याच्या ओघळांत बारीक बारीक सावल्या पडतात आणि भिंत निवते. जाळ्या आहेत, फरशीकाम आहे, सुलेखन आहे, पण ते सगळं चौक ठरल्यानंतर आलेलं आहे. आधी नकाशा, मग नक्षी.

अर्थात तिथंही प्रश्न संपत नाही. ते खासगी रुग्णालय आहे, उपचारांचे पैसे लागतात आणि गरजूंसाठी मदतनिधी आहे. कलावूनच्या चौकात आणि या चौकात हा फरक आहेच. चौक वास्तुकार देऊ शकतो. त्या चौकात कोण येऊ शकेल हे वक्फ ठरवतो, म्हणजे पैसा कुठून येतो आणि कुणाच्या नावाने येतो ते ठरवतं. बीमारिस्तानाची कमान दगडाची होती, पण तिला आधार बाजारातल्या दुकानांच्या भाड्याचा होता.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आपल्याकडे गावोगावी मुस्लिम ट्रस्ट दवाखाने बांधत आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. कोविडच्या काळात ऑक्सिजनसाठी धावताना आपल्याला त्याचं मोल कळलं. अशाच एका प्रस्तावित दवाखान्याची चित्रं मध्यंतरी आमच्याकडे वर्गणीच्या पत्रकाबरोबर आली. दर्शनी भागावर फायबरचा हिरवा घुमट, दोन बाजूंना छोटे मिनार, रिसेप्शनमध्ये पीओपीच्या कमानी आणि मागच्या भिंतीवर अलहंब्राचा मोठा फोटो. नकाशा उलटून पाहिला. बाह्यरुग्ण विभागासमोर चार फुटांचा बोळ. नातेवाइकांना बसायला जागा नाही. पाच वॉर्डांपैकी तिघांना खिडकी नाही. सगळ्या जागेचा चौरस फूट न चौरस फूट खोल्यांनी भरलेला.

पत्रक आणणाऱ्या चाचांना मी विचारलं, "चाचा, बायका डबा घेऊन येतील त्या कुठं बसतील?"

ते म्हणाले, "बेटा, आधी इमारत तर होऊ द्या. घुमट पाहूनच लोक पैसे देतात."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. लोक घुमट पाहून देतात. पण मग लोकांना वेगळं काही दाखवायची जबाबदारी कुणाची? आपल्या पूर्वजांच्या रुग्णालयांची ओळख घुमट होती, असं आपणच आपल्या मुलांना शिकवलं. त्या घुमटाखाली हौद होता आणि हौदाभोवती आजारी माणूस मानाने झोपला होता, हे शिकवलं नाही. अलहंब्राचा फोटो भिंतीवर लावायला खर्च येतोच. तेवढ्या पैशांत त्याच भिंतीत खिडकी पाडता येते आणि खिडकीबाहेर एक कडुनिंब लावता येतो.

चौक परवडत नाही, जागा महाग आहे, हेही मला मान्य आहे. पण चौक म्हणजे एकरभर जमीन नव्हे. दहा बाय दहाची उघडी जागा, वर आकाश, मध्ये पाण्याचा एक माठ किंवा छोटं कुंड, भोवती सिमेंटचे कट्टे. तिथं बाळंतिणीची सासू बसेल, डायलिसिसला आलेल्याचा भाऊ बसेल, नमाजची वेळ झाली तर कुणी चटई टाकेल. तिथं बसणारा माणूस राम असो की रहीम, त्याला सावली सारखीच मिळेल. कलावूनच्या वक्फनाम्यात जो शब्द मर्यादा घालत होता, तो आपल्या चौकाला घालायची गरज नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी दवाखान्याच्या वर्गणीचं पत्रक दारात आलं तर पैसे जरूर द्या, आणि देताना चित्राऐवजी नकाशा मागा. तीन गोष्टी विचारा: रुग्णाला पलंगावरून आकाश दिसेल का? त्याच्या माणसांना बसायला जागा आहे का? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा खर्च कोण उचलणार? ही तीन उत्तरं नीट मिळाली तर घुमट नसला तरी तो दवाखाना दारुश्शिफा म्हणवून घ्यायला पात्र आहे.